वासा युद्धनौका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॉकहोमला निघालेले पर्यटक, इतिहासाचे शिक्षक, जलदुर्ग पालथे घालणारी मंडळी, जहाजांचे नमुने बनवणारे हौशी कारागीर अशा सगळ्यांकडून वासाबद्दल त्याच त्या शंका येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोप्या शंका आधी घेतल्या आहेत, अडचणीच्या नंतर. एक गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वासा म्हणजे नेमकं काय? त्याचं एवढं नाव का?

वासा हे स्वीडनच्या राजासाठी स्टॉकहोमच्या गोदीत बांधलेलं शिडांचं मोठं लढाऊ जहाज. स्वीडनच्या राजघराण्याचंच नाव त्याला दिलं होतं. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्यांदा निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडालं. २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे ३३३ वर्षांनी, ते पुन्हा पाण्यावर आलं.

सतराव्या शतकातल्या युद्धनौकांची चित्रं, करार, हिशेबाची कागदपत्रं पुष्कळ उरली आहेत. पण तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जवळजवळ अख्खं राहिलेलं त्या शतकातलं एवढं मोठं जहाज जगात दुसरं नाही. जहाजाचं ९५ टक्क्यांहून जास्त लाकूड मूळचं आहे. शिवाय आत दोर, शिडं, भांडी, जोडे, नाणी आणि माणसंही होती. वासा बुडालं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचं खरं मोल टिकून राहिलेल्या या गोष्टींत आहे.

२. स्वीडनला एवढं मोठं जहाज हवं कशाला होतं?

तेव्हाचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ. पोलंडचा राजा सिगिस्मुंड त्याचा चुलतभाऊ आणि स्वीडनच्या गादीवर हक्क सांगणारा. दोघांचं युद्ध चालू होतं आणि स्वीडनची फौज बाल्टिक समुद्राच्या पलीकडे, प्रशियात लढत होती. फौज, दाणागोटा, दारूगोळा सगळं जहाजांनीच जायचं. समुद्र हातचा गेला तर पलीकडची फौज अडकलीच.

त्यात आरमाराचं नुकसानावर नुकसान होत होतं. १६२५ मध्ये रीगाच्या आखातात वादळात सापडून स्वीडनची दहा जहाजं किनाऱ्याला लागून फुटली. नोव्हेंबर १६२७ मध्ये ओलिव्हाच्या लढाईत पोलिश आरमाराने स्वीडनचं एक जहाज पकडलं आणि दुसरं शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यावरच्या खलाशांनीच उडवून दिलं. वासाची राजाला किती घाई होती, ते या पार्श्वभूमीवर समजतं.

३. जहाज किती मोठं होतं? आकडे सांगा.

पुढच्या तिरक्या डोलकाठीसकट लांबी ६९ मीटर, रुंदी ११.७ मीटर, पाण्याखालचा भाग ४.८ मीटर. तळापासून मधल्या डोलकाठीच्या टोकापर्यंत उंची ५२ मीटरहून जास्त, म्हणजे आजच्या हिशेबाने सतरा मजली इमारतीइतकी. वजन सुमारे १,२०० टन. डोलकाठ्या तीन, शिडं दहा आणि शिडांचं कापड जवळपास पावणेतेराशे चौरस मीटर. बांधायला हजारावर ओक वृक्ष लागले.

तोफा ६४. त्यातल्या ४८ तोफा २४ पौंडी, म्हणजे सुमारे ११ किलोचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या. माणसं ४४५ धरलेली होती: १४५ खलाशी आणि ३०० सैनिक. सैनिक खलाशांच्या दुप्पट का, ते पुढच्या उत्तरात आहे.

४. त्या काळी समुद्रावर लढायचे कसे?

हे कळल्याशिवाय वासाचा घाट कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पंधराव्या शतकापर्यंत समुद्रावरची लढाई ही जमिनीवरचीच लढाई होती, फक्त ती जहाजांवर व्हायची. जहाजाला जहाज भिडवायचं, आकड्यांनी जखडायचं, बाण मारायचे, उड्या टाकायच्या आणि हातघाईने जहाज ताब्यात घ्यायचं. त्यासाठी जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि मागच्या बाजूला उंच लाकडी बुरूज उभारत. ज्याचा बुरूज उंच त्याला वरून मारा करता येई.

मग तोफा आल्या. सुरुवातीला त्या हलक्या असत आणि वरच्याच मजल्यावर ठेवत. जड तोफ वर ठेवली की जहाज डोलतं, म्हणून ती खाली न्यायला हवी होती आणि त्यासाठी जहाजाच्या कुशीत झरोके पाडावे लागणार होते. पाणी आत येणार नाही अशी झाकणं असलेले झरोके सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले आणि युद्धनौकेचं रूपच पालटलं. तोफा रांगेने खाली गेल्या आणि एका कुशीतल्या सगळ्या तोफा एकदम डागता येऊ लागल्या. पण पाण्यापासून थोड्याच उंचीवर ओळीने भोकं पाडलेलं जहाज समुद्रात न्यायचं, हा धोकाही तेव्हापासूनच पत्करावा लागला.

वासा नेमकं या संक्रमणाच्या मधोमध उभं आहे. तोफखाना जबरदस्त: एका कुशीतून एका दमात सुमारे २६७ किलो लोखंड सुटेल एवढा. पण घाट जुनाच, मागचा भाग उंच, आणि उडी टाकून लढायला ३०० सैनिक. आधी तोफांनी शत्रूचं जहाज आणि माणसं खिळखिळी करायची, मग चढाई करायची, असा बेत. जहाजांनी एकामागे एक रांग धरून केवळ तोफांवर लढाई निकालात काढायची पद्धत पुढे १६५० च्या दशकात, इंग्रज-डच युद्धांत पक्की झाली.

५. वासा बांधलं कुणी?

मुख्य कारागीर हेन्रिक ह्युबर्टसोन हा हॉलंडहून आलेला. त्याचा आणि त्याचा भागीदार आरेंड्ट डी ग्रूट याचा राजाशी जानेवारी १६२५ मध्ये चार जहाजांचा करार झाला. लाकूड, तागाचे दोर, लोखंड आणण्याचा व्यवहार डी ग्रूटकडे, बांधकाम ह्युबर्टसोनकडे. जहाजाचा कणा १६२६ च्या सुरुवातीला बसवला गेला. पण तोवर ह्युबर्टसोन आजारी पडला होता आणि १६२७ च्या वसंतात तो वारला. बांधकाम त्याचा सहकारी हाइन याकोबसोन याच्या हाती आलं.

आणखी एक नाव इथे आवर्जून घ्यायला हवं: ह्युबर्टसोनची पत्नी मार्गारेटा नील्सडॉटर. नवऱ्याच्या मागे गोदीचा कारभार, मजुरी, हिशेब तिने सांभाळला. तेव्हा त्या गोदीत चारशेच्या आसपास माणसं काम करत होती. वासाच्या गोष्टीत राजा आणि कप्तान यांचीच नावं घेतली जातात. या बाईचं नाव क्वचित ऐकू येतं.

६. १० ऑगस्ट १६२८ ला प्रत्यक्ष काय झालं?

रविवार, दुपार टळलेली, हवा छान आणि वारा मंद. वासाने राजवाड्याजवळून नांगर उचलला. सुरुवातीला पुरेसा वारा नव्हता, म्हणून नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि दोर ओढत जहाज पुढे सरकवायचं, असं किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं. किनाऱ्यावर शहर लोटलं होतं. जहाजावर खलाशांच्या बायका-मुलंही होती. बंदराबाहेरच्या बेटांपर्यंत कुटुंबाला सोबत न्यायची त्यांना मुभा होती. सैनिक मात्र पुढच्या तळावर चढणार होते, म्हणून जहाजावर दीडशेच्या आसपासच माणसं होती.

दहापैकी चार शिडं सोडली. सलामीच्या तोफा झाल्या, त्यामुळे झरोके उघडे होते. दक्षिणेकडच्या कड्यांच्या आडोशातून जहाज बाहेर आलं तशी वाऱ्याची एक झुळूक लागली आणि ते डाव्या कुशीवर कललं. हळूहळू सावरलं. थोडं पुढे, बेकहोल्मेन बेटाजवळ, दुसरी झुळूक आली. या वेळी ते इतकं कललं की खालच्या ओळीचे झरोके पाण्याखाली गेले. पाणी आत लोटलं, त्या वजनाने जहाज आणखी कललं, आणि काही मिनिटांत ते ३२ मीटर खोल तळाशी गेलं. डोलकाठ्यांची टोकं आणि निशाणं तेवढी पाण्याबाहेर राहिली. किनारा १२० मीटरवर होता.

७. किती माणसं गेली?

साधारण तीस. किनारा जवळ होता आणि बंदरात होड्या होत्या, म्हणून बहुतेक जण वाचले. कप्तान सोफ्रिंग हान्सोन वाचला. त्याच्यासोबत असलेला जुना कप्तान हान्स योनसोन बुडाला. ठरल्याप्रमाणे तीनशे सैनिक आधीच चढले असते तर हा आकडा फार वेगळा असता. जहाजात सापडलेल्या माणसांविषयी प्रश्न १७ पाहा.

८. वासा बुडालं का? खरं कारण एका वाक्यात सांगता येईल का?

येईल: पाण्यावरचा भाग फार जड आणि पाण्यातलं बूड त्या मानाने अरुंद. पण या एका वाक्याने समाधान होऊ नये.

जहाज वाऱ्याने कललं की त्याचं बूड कललेल्या बाजूला पाण्यात जास्त बुडतं. तिथलं पाणी त्याला वर ढकलतं आणि जहाज सरळ होतं. बूड जितकं रुंद तितकी ही ढकलण्याची ताकद जास्त. उलट वजन जितकं उंचावर, तितकी जहाजाची आडवं होण्याची ओढ जास्त. वासाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी विरोधात होत्या. वरचे मजले जाडजूड तुळयांनी गरजेपेक्षा भक्कम केलेले, त्यावर उंच मागचा भाग, त्यावर लाकडी शिल्पांचा साज.

अनेकांना वाटतं की तोफाच जड झाल्या. सगळ्या तोफांचं वजन साठ टनांच्या थोडं वर, म्हणजे जहाजाच्या एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. त्या उंचावर होत्या हे खरं, आणि वरच्या मजल्यावरही खालच्यासारख्याच २४ पौंडी तोफा होत्या हेही खरं. एरवी वर हलक्या ठेवत. पण खरा भार त्या तोफा पेलणाऱ्या लाकडाचा होता.

आता प्रश्न उरतो की चांगल्या कारागिरांच्या हे लक्षात कसं आलं नाही. तेव्हा जहाजाचा तोल आधी गणिताने काढायची पद्धतच नव्हती. नकाशे नव्हते. लांबी, रुंदी, उंची यांची परंपरेने आलेली प्रमाणं होती आणि ती बसलेली होती आधी बांधलेल्या जहाजांवर. दोन पूर्ण मजले भरून इतक्या जड तोफा घेणाऱ्या जहाजाचा अनुभव त्या गोदीला नव्हता. जिथे अनुभव संपला, तिथून पुढचं सगळं अंदाजावर होतं.

९. राजाने मधेच तोफांचा दुसरा मजला चढवायला लावला, असं वाचलं. खरं का?

ही कथा फार लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते तिच्यामुळे बाकीचं सगळं झाकलं जातं. हट्टी राजा, घाबरलेले कारागीर, बुडालेलं जहाज, अशी ती सुटसुटीत बसते.

राजाने मापांत लक्ष घातलं, तोफांच्या मागण्या एकदा नव्हे तर अनेकदा बदलल्या आणि प्रशियातून तगादा लावला, एवढं कागदपत्रांत आहे. एका टप्प्यावर तर ७२ तोफांचा बेत होता. पण मापं राजाला पसंत होती याचा अर्थ ती त्याने आखली असा होत नाही. याकोबसोनने सूत्रं घेतल्यावर जहाज सुमारे ४२ सेंटीमीटरने रुंद केलं, म्हणजे काहीतरी कमी पडतंय हे त्याला जाणवलं होतं. त्याहून रुंद करायला काम फार पुढे गेलं होतं.

१०. तळात आणखी वजन भरलं असतं तर वाचलं असतं का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. तळाशी जे वजन भरतात त्याला आपल्याकडचे दर्यावर्दी नीरम म्हणतात. वासाच्या तळात सुमारे १२० टन दगड होते.

आणखी दगड भरले असते तर जहाज पाण्यात आणखी खाली बसलं असतं आणि खालचे झरोके पाण्याच्या आणखी जवळ आले असते. मग त्याहून कमी कलल्यावरही पाणी आत शिरलं असतं. यावर इलाज एकच होता, बूड रुंद करणं. आणि तो इलाज नंतर झालाही. प्रश्न १४ पाहा.

११. झरोके बंद ठेवले असते तर?

त्या झुळुकीला जहाज कदाचित तगलं असतं. पण ज्या जहाजाला मंद वारा सोसला नाही, ते बाल्टिकच्या खुल्या समुद्रात दहा शिडांनिशी किती काळ तगलं असतं? आणि झरोके उघडता येणार नसतील तर युद्धनौकेचा उपयोग काय?

झरोक्यांनी घात केलेलं वासा हे एकटंच जहाज नाही. इंग्लंडचं मेरी रोज १५४५ मध्ये फ्रेंचांशी लढताना असंच कललं, उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि ते बुडालं. स्वीडनचंच क्रोनान हे मोठं जहाज १६७६ मध्ये लढाईच्या धांदलीत वळताना कललं, झरोक्यांतून पाणी शिरलं आणि मग दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्यावरच्या सुमारे आठशे माणसांपैकी चाळीसच्या आसपास वाचली. ही दोन्ही जहाजं मात्र त्याआधी बरीच वर्षं समुद्रात वावरलेली होती. पहिल्याच दिवशी बुडण्याचं दुर्दैव वासाच्या वाट्याला आलं.

१२. कुणालाच आधी शंका आली नव्हती का?

आली होती, आणि वासाच्या साऱ्या हकिकतीत मला सर्वात जास्त टोचणारा भाग हाच आहे.

जहाज धक्क्याला बांधलेलं असताना एक चाचणी झाली. तीस माणसं वरच्या मजल्यावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत एकदम धावली. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं हेलकावलं की चाचणी थांबवावी लागली. थांबवायला सांगितलं ते तिथे हजर असलेल्या नौदल-अधिकारी क्लास फ्लेमिंग यांनी. हे सगळं पुढे चौकशीत सांगितलं जहाजावरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, योरान मॅटसोन याने, ज्याच्या माणसांनी त्या फेऱ्या मारल्या होत्या. त्याच्या जबानीप्रमाणे त्याने शंका बोलून दाखवली, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की कारागिराने याआधीही जहाजं बांधली आहेत, काळजीचं कारण नाही.

म्हणजे माहिती होती. पण ज्याच्या पायाखाली जहाज हललं त्या सारंगाच्या शब्दाला वजन नव्हतं. ज्याच्या शब्दाला वजन होतं त्या फ्लेमिंगला जहाज थांबवायची जबाबदारी घ्यायची नव्हती. राजा परदेशात होता आणि जहाज लवकर निघावं म्हणून त्याची पत्रावर पत्रं येत होती. फ्लेमिंगने जहाज अडवलं असतं तर राजाला कारण काय सांगितलं असतं? तोल मोजायचं गणित नव्हतं. हातात होत्या फक्त तीस माणसांच्या तीन फेऱ्या. एवढ्यावर राजाला नकार कळवायला फार मोठी छाती लागते. म्हणूनच हकिकतीतला एक दोषी शोधून मोकळं होणं मला पटत नाही.

१३. शिक्षा कुणाला झाली?

कुणालाही नाही. कप्तानाला लगेच अटक झाली. तोफा नीट जखडलेल्या होत्या आणि माणसं शुद्धीत होती, असं त्याने शपथेवर सांगितलं. राजाला बातमी पोचायला दोन आठवडे लागले. निष्काळजी माणसांना शासन करा, असं त्याने लिहिलं. ५ सप्टेंबर १६२८ रोजी राजवाड्यात चौकशी बसली. याकोबसोनचं म्हणणं की जहाज राजाने मंजूर केलेल्या मापांप्रमाणेच बांधलं. मूळ कारागीर मरून वर्ष उलटलं होतं. पुढे दोष ठेवायचा तर तो मयतावर, नाहीतर राजावर. चौकशी तिथेच विरली.

१४. त्याच कराराची बाकीची जहाजंही बुडाली का?

नाही. करारातलं दुसरं मोठं जहाज एपलेट. ते वासानंतर, साधारण एक मीटर जास्त रुंद बांधलं गेलं आणि १६२९ मध्ये पाण्यात उतरलं. त्याने युरोपातल्या 'तीस वर्षांचं युद्ध' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युद्धात काम केलं आणि कित्येक वर्षं नोकरी बजावली. १६५९ मध्ये जुनं झाल्यावर वाक्सहोल्मजवळच्या अरुंद खाडीत शत्रूची वाट अडवायला ते मुद्दाम बुडवण्यात आलं. २०२१ मध्ये पाणबुड्यांना तिथे एका मोठ्या जहाजाचे अवशेष सापडले आणि २०२२ मध्ये ते एपलेटच असल्याचं जाहीर झालं. त्याच गोदीतल्या, त्याच घाटाच्या जहाजाला थोडी रुंदी मिळाली आणि ते तीस वर्षं चाललं. गोदीतले लोक चटकन शिकले होते.

१५. वासाची एक बाजू जाड आणि एक बारीक आहे म्हणे?

हो, दोन्ही कुशी सारख्या नाहीत. डावी जास्त भरीव आहे. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या आणि दोन ॲमस्टरडॅम फुटाच्या. ॲमस्टरडॅमचा फूट अकरा इंचांचा आणि लांबीलाही वेगळा. दोन देशांचे सुतार आपापल्या पट्टीने मोजत होते. जहाज डावीकडेच कललं हे खरं, पण त्या दिवशी वारा नैर्ऋत्येकडून आणि जहाज पूर्वेला निघालेलं, म्हणजे डावीकडेच कलणार. मुख्य कारण प्रश्न ८ मधलंच.

१६. तीनशे वर्षांत लाकूड कुजलं कसं नाही? आणि जहाज वर कसं काढलं?

लाकूड पोखरून जहाजं खाणारा एक समुद्री जीव आहे. दिसायला अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांचा. त्याला खारं पाणी लागतं. बाल्टिकचं पाणी मचूळ, तिथे तो टिकत नाही. अरबी समुद्रात बुडालेल्या लाकडी जहाजाचं असं नशीब नाही. शिवाय स्टॉकहोमचं सांडपाणी शतकानुशतकं बंदरात येत होतं, तळाशी प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे कुजवणारे जीवही फार वाढले नाहीत. त्या घाणीने जहाज वाचवलं, पण लाकडात गंधकही भरलं. त्याचा त्रास पुढे झाला.

तोफांचं मोल मोठं, म्हणून १६६० च्या दशकातच पाणबुड्यांनी हवा कोंडलेल्या घंटेत उभं राहून, गार काळोख्या पाण्यात चाचपडत, पन्नासहून जास्त तोफा काढल्या. मग जहाज विसरलं गेलं. आंद्रेश फ्रांझेन या अभियंत्याने जुनी कागदपत्रं वाचत, बंदराचा तळ चाचपत अनेक वर्षं शोध घेतला. ऑगस्ट १९५६ मध्ये त्याच्या नमुने काढणाऱ्या वजनाला काळ्या ओकचा तुकडा लागून आला. पेर एडविन फेल्टिंग हा पाणबुड्या खाली उतरला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हाताला झरोके लागले, आणि त्यांच्या वर झरोक्यांची दुसरी ओळ.

मग पाणबुड्यांनी जहाजाखालून सहा बोगदे खणले, तेही पाण्याच्या झोताने, डोक्यावर हजार टनांचं जहाज असताना. बोगद्यांतून पोलादी दोर ओवले, ते दोन पिंपनौकांना बांधले, पिंपनौकांत पाणी भरून दोर ताणले आणि पाणी उपसलं की त्या वर येत व जहाज चिखलातून सुटत जाई. १९५९ मध्ये टप्प्याटप्प्याने ते उथळ पाण्यात आणलं. पुढे दोन वर्षं गंजून गेलेल्या लोखंडी खिळ्यांची हजारो भोकं बुजवण्यात गेली. तेराशेच्या वर बुड्या झाल्या आणि एकही गंभीर अपघात झाला नाही. मे १९६१ मध्ये वासा स्वतःच्या तळावर तरंगत गोदीत गेलं.

१७. आत माणसं सापडली ती कोण होती?

किमान पंधरा जणांचे सांगाडे मिळाले. नावं कळत नाहीत म्हणून संशोधकांनी अक्षरं आणि त्यावरून टोपणनावं दिली. त्यातला 'जी' पुरुष मानून त्याला गुस्ताव म्हणत. २०२३ मध्ये डीएनए तपासणीत ती स्त्री असल्याचं स्पष्ट झालं; आता तिला गेर्ट्रुड म्हणतात. जहाजावर बायका होत्या हे कागदांत होतंच (प्रश्न ६). आता त्यांतल्या एकीचा सांगाडाही ओळखता येतो.

वस्तू चाळीस हजारांवर. चार हजारांहून जास्त नाणी, लाकडी चमचे, खलाशांच्या पेट्या, सोंगट्यांचा पट, एका डबीत लोणी. न वापरलेली सहा शिडं घड्या घातलेली मिळाली.

१८. आता जहाज सुरक्षित आहे का?

सहज उत्तर 'हो' असं देता येत नाही. भिजलेलं लाकूड तसंच वाळवलं तर आक्रसून फाटतं. म्हणून १९६२ पासून १९७९ पर्यंत, सतरा वर्षं, जहाजावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणचट रसायनाचे फवारे मारले. मग सावकाश वाळवलं. १९९० मध्ये सध्याचं संग्रहालय उघडलं. २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात आतल्या दमटपणाने लाकडावर आम्लाचे पांढरे-पिवळे डाग फुटले: बंदरात मुरलेलं गंधक आणि गंजलेलं लोखंड यांचा परिणाम. तेव्हा हवा नियंत्रित केली आणि हजारो लोखंडी बोल्ट काढून न गंजणारे बसवले. तरीही स्वतःच्या वजनाने जहाज थोडं थोडं वाकतंय. त्याला नवा आधार बसवण्याचं काम २०२४ पासून सुरू आहे.

१९. मराठा आरमारात अशी जहाजं होती का?

अशी नव्हती, आणि तशी हवीही नव्हती. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे वासा बुडाल्यानंतर दीडेक वर्षाचा. आरमाराची उभारणी त्यानंतर पंचवीसेक वर्षांची. आपल्या गुराबा दोन-तीन डोलकाठ्यांच्या, मोठ्यात मोठी तीनशे टनांच्या आसपासची. गलबतं लहान, वल्ह्यांनी चालणारी. कोकणच्या उथळ खाड्यांत शिरायचं, नाळेवरच्या तोफांनी मारा करायचा, घेरून चढाई करायची, किल्ल्याच्या आश्रयाला परतायचं. ४.८ मीटर पाणी लागणारं जहाज त्या युद्धात अडचणच झालं असतं. मोठी युरोपीय जहाजं समोरासमोर आली की मात्र ही मर्यादा भोवली. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते अशाच ताफ्यापुढे.

मोठ्या युद्धनौका आपल्या किनाऱ्यावर बांधल्या गेल्या त्या पुढे मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हातून, मलबारच्या सागात, पण ब्रिटिश आरमारासाठी. १८१० चं ७४ तोफांचं मिंडेन, १८१३ चं कॉर्नवॉलिस ही त्यातली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

२०. काही ठिकाणी बुडण्याची तारीख २० ऑगस्ट दिसते. बरोबर कोणती?

दोन्ही. स्वीडनमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, त्याप्रमाणे १० ऑगस्ट. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे २० ऑगस्ट. स्वीडनने ही नवी पद्धत १७५३ मध्ये घेतली. कागदपत्रांशी जुळावं म्हणून इथे जुनी तारीख ठेवली आहे.

२१. संग्रहालयात गेलो तर जहाजावर चढता येतं का? काय बघावं?

चढू देत नाहीत. प्रश्न १८ वाचल्यावर कारण कळेलच. जहाजाभोवती वेगवेगळ्या उंचीचे सज्जे आहेत, तिथून बघायचं. बहुतेक जण मागच्या भागावरच्या शिल्पांपाशी रेंगाळतात आणि ती रेंगाळण्यासारखीच आहेत: सिंह, रोमन सम्राट, योद्धे. पूर्वी पार्श्वभूमी निळी मानायचे. रंगाच्या कणांवरून ती लाल होती असं आता कळलं आहे. पण मी सांगेन, आधी सर्वात खालच्या मजल्यावर जा. तिथून बुडाची रुंदी बघा, मग झरोक्यांच्या दोन ओळी, मग वरचा सगळा डोलारा. प्रश्न ८ चं उत्तर तिथे डोळ्यांनीच मिळतं. निदान दोन-तीन तास हाताशी ठेवा, आणि आत गारवा असतो, स्वेटर न्या.